आई किती मागे आहे

प्रांजल चौगुलेच्या हातचा उतार कोल्हापूर जिल्ह्यात नावाजलेला होता. लग्नाच्या फिल्ममध्ये नवरी माळ उचलते तिथून ती चित्राचा वेग कमी करत न्यायची. तो बदल इतका अलगद असे, की बघणाऱ्याला काही कळायचंच नाही. हवेतल्या अक्षतांचा एकेक दाणा आपल्याला दिसतोय, एवढंच जाणवायचं. माळ गळ्यात पडली की तितक्याच अलगद वेग वाढवून ती माणसांना वाजंत्र्यांच्या गलक्यात परत आणून सोडायची. एडिटिंगच्या पडद्यावर हा सगळा खेळ एका रेषेचा असतो. रेष खाली झुकली की काळ मंदावतो, वर गेली की धावतो. रेषेला कुठेही कोपरा येता कामा नये, हे एकच पथ्य.

अशीच रेष एक दिवस आपल्या आईच्या डोळ्यांपुढे लावावी लागेल, असं कोणी म्हटलं असतं तर तिनं ते हसण्यावारी नेलं असतं.

आईच्या, विजयमालाबाईंच्या, आजाराची सुरुवात कुकरपासून झाली. तीन शिट्ट्या झाल्या तरी त्यांना एकच लांबलचक शिट्टी ऐकू यायची. डाळ करपायला लागली. मग टीव्हीवरचं बोलणं, मग शेजारणीचं, आणि शेवटी घरातल्यांचं बोलणंही भिजवलेल्या पिठासारखं एकमेकांत कालवलं जाऊ लागलं. "सगळी पळत पळत का बोलताय रं?" त्या चिडून विचारायच्या.

"काळ आपल्याला सलग वाटतो, पण मेंदू तो घासाघासानं घेतो," डॉ. नाझनीन मुल्लांनी समजावून सांगितलं. "सेकंदाचा एक बारीक तुकडा उचलायचा, चावायचा, गिळायचा, मग पुढचा. आईंचं चावणं मंदावलंय. एक घास तोंडात असतानाच दुसरा येऊन पडतो. बुद्धी शाबूत आहे, आठवण शाबूत आहे. घास सावकाश भरवले तर त्यांना सगळं कळेल."

सावकाश भरवायचं यंत्र म्हणजे संथचष्मा. खोलीच्या चारही कोपऱ्यांत कॅमेरे आणि माइक, डोळ्यांवर बंद चष्मा, कानांत बाहेरचा आवाज पूर्ण अडवणारी बोंडं. खोलीत जे घडेल ते यंत्र ताणून दाखवायचं. शब्द लांबवायचं, पण आवाज घोगरा होऊ द्यायचं नाही. दोन चित्रांच्या मधली न टिपलेली चित्रं हिशेबानं तयार करून भरायचं, म्हणजे हललेला हात धक्क्याधक्क्यानं दिसत नसे. मान वळवली की खोलीचा तो कोपरा दिसे. पहिल्या दिवशी चष्मा चढवल्यावर त्यांनी नवऱ्याचा प्रश्न पुरता ऐकला आणि नीट उत्तर दिलं. हिंदुराव उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत उभे राहिले.

अडचण साध्या गणिताची होती. एका मिनिटाचं बोलणं ऐकायला तीन मिनिटं लागली, तर माणूस दोन मिनिटं मागे पडतो. ते भरून काढायला यंत्र दुसरीकडे घाई करी. कोणी बोलत नाही, हलत नाही, अशा वेळा ते भराभर पळवी. अख्खी रात्र दोन-चार श्वासांत संपवी. मात्र संथ आणि वेगवान यांच्यामध्ये उतार हवाच. एकदम उडी बसली तर रोग्याला भिंती फिरताना दिसत, उलट्या होत. हा उतार घरच्यांना एका टॅबवर बदलता येई. बदलता येई तो फक्त वेग. रोग्याला खोटं दाखवता येऊ नये म्हणून टिपलेल्यातलं काही कापायला किंवा त्यात भर घालायला कायद्यानं बंदी होती, आणि यंत्रात तशी सोयच ठेवलेली नव्हती. बहुतेक घरांत त्या रेषेला कोणी हात लावत नसे. प्रांजलनं पहिल्याच आठवड्यात लावला.

घरात एक नवा प्रश्न रुळला. "आई किती मागे आहे?" दूध उतू गेलं का, पाणी आलं का, तसाच. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी दीड. भाजीत मीठ पुरे का, असं जेवताना विचारावं, तर भांडी घासून पालथी घातल्यावर आतून आवाज यायचा, "आणि चिमूटभर टाक." स्पर्श तेवढा आत्ताचा होता. ओठाला चमचा लागला की त्या तोंड उघडत, चष्म्यात मात्र अजून कणीक भिजत असे. "भूक लागायच्या आधीच पोट भरतंय गं माझं," म्हणून त्या हसायच्या.

हिंदुराव एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म कोल्हापूर-रत्नागिरी गाडी मारली. मुळातच अबोल. वाहनचालकाशी बोलू नये ही पाटी यांनी निवृत्तीच्या दिवशी उचकटून घरी आणली, असं विजयमालाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज दुपारी ते बायकोशेजारी खुर्ची ओढून बसत, ते चहाची वेळ होईपर्यंत. हात मांडीवर, नजर समोर, एक शब्द नाही.

एक दिवस विजयमालाबाई लेकीला म्हणाल्या, "तुझं बाबा आताशा माझ्यापाशी बसत न्हाईत. येत्यात, टेकत्यात, जात्यात. चिमणी बसावी तसं."

ती रेष प्रांजलनंच ओढली होती. एडिटिंग करणाऱ्याचा हात तो. जिथे आवाज नाही, हालचाल नाही, तिथे आवळायचं. आई लवकर आजपर्यंत पोचावी म्हणून तिनं त्या दुपारी आवळल्या होत्या. बाबांचं तासन्‌तास बसणं आईच्या डोळ्यांपुढून अर्ध्या मिनिटात निघून जात होतं.

तिनं बाबांना सगळं सांगितलं.

"म्हंजे मी बसलेला तिला दिसतच न्हाई?"

"मी ते सैल करते बाबा. पण मग तिचं मागे पडणं भरून निघणार नाही. तुम्ही काहीतरी बोललात, तर यंत्र आपोआप सावकाश होईल."

"मला काय बोलाय येतंय?"

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले, घसा खाकरला, आणि दोन्ही हात पुढे धरून म्हणाले, "कोल्हापूर स्टँड. गाडी लागली. बसली न्हवं नीट? खिडकीपाशी बस." मग केर्ली, वाघबीळ, बांबवडे. कुठे रस्ता उखडलाय, कुठे म्हशी आडव्या येतात, मलकापूरच्या कंडक्टरनं कसा एकदा स्वतःचाच डबा दुसऱ्या गाडीत चढवला. ज्या माणसानं चाळीस वर्षांच्या संसारात चार वाक्यं सलग उच्चारली नव्हती, तो बायकोला खुर्चीवरून आंबा घाट उतरवत होता. विजयमालाबाईंची फर्माईश संध्याकाळी आली, "अहो, आंब्याला च्यासाठी थांबवा की." हिंदुराव परसातून लगबगीनं आत गेले. "थांबवली बघ गाडी. उतर सावकाश."

बोलणं वाढलं तशी आई मागे पडू लागली. आजारही वाढत होता. एका मिनिटाला लागणाऱ्या तीन मिनिटांची पाच झाली, पाचाची आठ. दिवाळीला ती एक दिवस मागे होती, संक्रांतीला तीन. आता घरातल्या शब्दांना रेशन आलं. एकानं बोललेला प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या शब्दाला मागे रेटत होता.

"आज तू बोल तिच्यासंगं," स्वयंपाकघरात हिंदुराव म्हणायचे. "मी गप बसतो."

"नको बाबा. तुमची गाडी साखरप्यात उभी आहे."

"असू दे उभी. डिझेल काय जळत न्हाई."

ती हसायची, पण बोलायची नाही. आवाज होऊ नये म्हणून हातातल्या बांगड्या तिनं काढून ठेवल्या. आईला भरवताना, पुसताना ओठ मिटलेले. कॅमेऱ्याला हालचाल कमी दिसावी म्हणून भिंतीकडेनं जायचं, काम करायचं, निघायचं. बाबांचं वय झालंय, त्यांना बोलू द्यावं. आपल्याला काय, उभं आयुष्य पडलंय. आजारपणाचं निमित्त होतं, पण पुण्याचं घर सोडून ती कायमची का परत आली, हे आईनं अजून विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. सांगू निवांत, असं तिनं ठरवलं होतं.

चैत्रातल्या एका सकाळी हिंदुराव अंगणात धुणं वाळत घालताना खाली बसले, ते उठले नाहीत. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. विजयमालाबाई त्या वेळी आठ दिवस मागे होत्या.

गडहिंग्लजहून संपतमामा आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "ताईला सांगितलंस?"

"कसं सांगू मामा? आत्ता बोलले तर तिला आठ दिवसांच्या पल्याड ऐकू येईल."

"मग काढ तो चष्मा! नवरा गेलाय तिचा!"

प्रांजलनं डॉक्टरांना फोन लावून मामांच्या हातात दिला. चष्मा काढला तर त्यांना काहीच कळणार नाही, नुसती भीती वाटेल, डॉक्टर म्हणाल्या. एकदम आजच्या क्षणावर उडी मारता येते, पण अशा उडीनंतर त्यांच्या एका रोग्यानं डोळ्यांना दिसलेल्या कशावरच पुन्हा विश्वास ठेवला नव्हता.

मामांनी फोन परत दिला. मग म्हणाले, "बरं. कॅमेऱ्यापुढं आणून ठेवू. पोचेल तवा बघेल. शेवटचं दर्शन तिचा हक्क हाय, तो तू अन्‌ मी काढून घ्यायचा न्हाई."

चौघांनी हिंदुरावांना आत आणून बायकोच्या पायांशी ठेवलं. विजयमालाबाई हसत होत्या. त्यांची आठ दिवसांपूर्वीची गाडी आंबा घाट उतरत होती. "अहो, सावकाश," त्या एकेक अक्षर ओढत म्हणाल्या, "वळण हाय." मामांनी त्यांचा हात धरून नवऱ्याच्या पायांना लावला. बऱ्याच वेळानं त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कुणाचं पाय गं एवढं गार? मोजं घाल त्यास्नी." आणि चेहरा पुन्हा घाटाकडे लागला, ओठ पुन्हा हसायला लागले. दारात जमलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. त्या खोलीत रडायचीही चोरी होती.

रक्षाविसर्जन झालं, माणसं आपापल्या गावी गेली. टॅबवर टिपलेल्या काळाची एक लांब पट्टी दिसे. तिच्यावर बाबांच्या दुपारी ओळीनं होत्या, शेवटच्या दुपारीनंतर एक रात्र, आणि मग ती सकाळ. एक बारीक ठिपका, म्हणजे आई, रोज त्या सकाळीकडे सरकत होता. प्रांजल चहा टाकताना बघायची, आईची वेणी घालताना बघायची. ठिपका तिथे पोचला की आई ते गार पाय कोणाचे होते हे डोळ्यांनी बघणार होती, तेही आठपट सावकाश. मामांचा दाबलेला एकेक हुंदका तिच्या कानात मिनिटभर चालणार होता.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "वेग अजून कमी केला तर आईला काही धोका?"

"धोका नाही. आजार त्यांना तसाही तिकडेच नेतोय. उलट सोपं जाईल त्यांना."

प्रांजलनं आणखी काही विचारलं नाही. त्या दुपारी तिनं रेष ओढायला घेतली. नियम शाळेतल्या गणिताचा होता. बाबांची शेवटची दुपार संपते तिथपर्यंतची वाट जेवढी उरली असेल तेवढाच वेग. निम्मी वाट उरली की वेग निम्मा, पाव उरली की पाव. अशी रेष खाली खाली येत राहते, पण जमिनीला कधीही टेकत नाही. आई त्या सकाळीकडे जात राहील आणि तिथे कधीच पोचणार नाही. बाबा बोलत राहतील. रेषेत कुठे कोपरा नव्हता, धक्का नव्हता. एवढा सुंदर उतार आपल्या हातून आजवर झाला नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं टॅब पालथा घातला.

पुढचे महिने शांत गेले. आई जेवायची, झोपायची, चेहऱ्यावर समाधान असायचं. तिचं स्वतःचं बोलणंही आता इतकं मंद झालं होतं, की ऐकणाऱ्याला तो नुसता घुमल्यासारखा आवाज वाटे. प्रांजलनं तो टिपून ठेवायला सुरुवात केली. आठवडाभराचा आवाज एकत्र करून भराभर पळवला की त्यातून एखादा शब्द निघायचा. एकदा "अहो" निघालं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

गणपती होऊन गेले तेव्हा ठिपका बाबांच्या शेवटच्या दुपारीत शिरला होता. प्रांजलनं दोन-अडीच आठवड्यांचा आवाज गोळा केला, पळवला, आणि हेडफोन घट्ट दाबून ऐकला.

"अहो, गाडी बाजूला घ्या जरा. प्रांजल बोलत न्हाई माझ्यासंगं. पुण्यास्नं आल्यापासनं बघते मी, सावलीगत येती अन्‌ जाती. माझ्यावर रुसलीया का? हाक मारा तिला."

तिनं ते पुन्हा ऐकलं. मग आईच्या खोलीत जाऊन मोठ्यानं म्हणाली, "आई, मी रुसले नाही गं." पट्टीच्या अगदी शेवटाला, बाबांच्या देहाच्या, सुतकाच्या, इतक्या महिन्यांच्या पलीकडे तो आवाज जाऊन पडला. तिथपर्यंत आई पोचू नये अशीच रेष तिनं काढली होती. आईचा हात तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला. बाबांचे दोन्ही हात पुढे धरलेले दिसत असताना कोणाचा तरी हात लागतोय, म्हणून हळूहळू आईची बोटं आखडली आणि हात मागे गेला.

माळ पडल्यावर करायची तसं प्रांजलनं करायला घेतलं. रेष उचलली. अगदी अलगद, कोपरा न येऊ देता, थोडी थोडी वर. येऊ दे आई त्या सकाळीतून. बघू दे, रडू दे, दोघी मिळून रडू. दुसऱ्याच दिवशी आईच्या अंगाला घाम सुटला. तिसऱ्या दिवशी तिनं पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली, पोटात काही ठरेना, घशातून एक बारीक आवाज येत राहिला. तो पळवून ऐकायची गरज नव्हती. ती किंकाळी होती.

डॉक्टर घरी आल्या. त्यांनी रेष बघितली, आणि आधी ती पुन्हा खाली नेली. रात्रीपर्यंत आई निवली.

"एवढं खाली का नेलंत?"

"तुम्ही म्हणालात, धोका नाही."

"खाली न्यायला नाही. तुम्ही तेवढंच विचारलंत." डॉक्टरांचा आवाज चढला नाही, आणि तेच प्रांजलला सहन होईना. "मेंदू ज्या वेगाला बसतो तिथे रुजतो. खाली जाता येतं. वर आजपर्यंत कोणाला आणता आलेलं नाही."

"फिल्ममध्ये येतं की वर."

"फिल्म बघणारा बाहेर बसलेला असतो, प्रांजल."

त्या गेल्यावर प्रांजल बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की आईची मान हलतेय. डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण काल उशीवर असलेलं वेणीचं टोक आज खांद्यावर होतं. नवऱ्यानं हाक मारायची वाट न बघता आईनं मान दाराकडे वळवायला घेतली होती. लेक दारात आहे का, बघायला.

प्रांजलनं टॅब उघडून ती शेवटची दुपार काढली. आई जेव्हा दाराकडे बघेल, तेव्हा तिला दारात काय दिसेल? तिला आठवत नव्हतं. बहुतेक आपण वरच्या खोलीत कामात असू, दार रिकामं असेल, असं तिला वाटलं.

दार रिकामं नव्हतं. प्रांजल स्वतःच तिथे उभी होती, वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून. बाबांचं बोलणं ऐकायला थांबली असावी. बाबांचं तिच्याकडे लक्ष गेलं, त्यांनी हात उचलून तिला आत बोलावलं. तिनं मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही बोला. आणि ती वळली.

तिनं आईच्या मानेचा वेग आणि पट्टीचा वेग एकमेकांसमोर मांडला. पुन्हा एकदा मांडला. मान दारापर्यंत पोचेल तेव्हा ओठांवरचं बोट होऊन गेलेलं असेल. दारात दिसेल ती नुसती पाठ. त्यापुढे रेष इतकी सपाट होती, की ती पाठ दारातून दिसेनाशी व्हायला जेवढी वर्षं लागणार होती, तेवढी आईकडे उरलेली नव्हती.

चष्म्यात बाबांचा हात हवेत तसाच होता. मधली चित्रं यंत्र सावकाश तयार करत होतं. खांद्याची एक रेघ, वळणारी मान, ओढणीचं टोक. सगळं स्वच्छ, कुठेही धक्का न बसणारं.